व्हायनलखालचं खोबरेल

ट्रक माझ्या नवऱ्याने मला न विचारता घेतला, म्हणून मी तो त्याला न विचारता सजवायला घेतला. त्यात उदात्त असं काही नव्हतं. मला राग आला होता.

त्या वर्षी खनिज तेलाचे भाव कोसळले होते आणि कॅनडात, तेलावरच चालणाऱ्या एडमंटनमध्ये आमच्या ओळखीच्या घराघरांतून एकेक माणूस भर दिवसा घरी दिसायला लागला होता. मार्चमध्ये आमच्या घरचाही दिसायला लागला. नवरा पाइपलाइनच्या कोटिंगचा इन्स्पेक्टर. म्हणजे जमिनीत पुरायच्या पाइपांवर जो थर देतात, तो नीट चिकटला आहे की नाही हे तपासायचं आणि चिकटला नसेल तर काम नापास करायचं. हा माणूस कुणाच्या घरी जेवायला गेला तरी आधी भिंतीवरून हात फिरवतो आणि माझ्या कानात सांगतो, "प्रायमर मारलेला नाही." लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला ह्याची लाज वाटायची. नोकरी गेल्यावर तो भिंतींवरून हात फिरवेनासा झाला आणि मला त्या लाजेचीच आठवण यायला लागली.

सुरुवातीला त्याने धडाधड अप्लाय केलं. मग रोज थोडं कमी, मग अजिबात नाही. बेसमेंटमधला सोफा, टीव्ही, आणि विचारलं तर "हो", "नको" किंवा "बघू". माझी नोकरी चालू होती, घर चालत होतं, तेव्हा पोटापाण्याची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. माणूस घरात असूनही दिवसेंदिवस नाहीसा होत चालला होता आणि त्याला धरून ठेवायला माझ्या हाताशी काहीच लागत नव्हतं. "आपण पुण्याला परत जाऊया" असं तरी म्हणाला असता, तर मी कडाकडा भांडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण भांडायला समोर कुणी तरी हवं ना.

अशात उन्हाळ्याच्या शेवटी तो एक ट्रक घेऊन आला. त्याच्याबरोबर नोकरी गेलेला एकजण गाशा गुंडाळून न्यूफाउंडलंडला आपल्या गावी परत चालला होता, त्याचा. दोन माणसं बसतील एवढा, मागे छोटा हौदा. मूळचा पांढरा, पण वरच्या वार्निशाचे उन्हाने पोपडे निघालेले आणि चाकांच्या वर गंज. आणून गॅरेजमध्ये उभा केला आणि पुन्हा खाली सोफ्यावर जाऊन बसला. ट्रक आत आणि माझी रोजची गाडी बाहेर. एडमंटनच्या थंडीत सकाळी काचेवरचा बर्फ खरवडणं काय असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला माझा राग समजेल.

रंग काढून घ्यायचा म्हटलं तर तो ट्रकच्या किमतीपेक्षा जास्त. मग इंटरनेटवर व्हायनलचा शोध लागला: गाडीला अख्खी गुंडाळायची, मागून चिकट असलेली प्लास्टिकची कातडी. सेलमध्ये एकच रोल शिल्लक होता, शिकारी लोक वापरतात तसला. त्यावर झाडांची साल, काटक्या, ओकची पानं छापलेली. तिथल्याच एका व्हिडिओतला दाढीवाला सांगत होता की पहिल्यांदा करणाऱ्याने हाच घ्यावा, कारण ह्या नक्षीत सगळ्या चुका लपतात. माझ्यासारखीला आणखी काय हवं! शिवाय माझा स्वतःवर भलताच विश्वास होता. इचलकरंजीला आमच्या घरी जून महिन्यात साऱ्या भावंडांच्या वह्या-पुस्तकांना ब्राउन पेपरची कव्हरं घालायचं काम माझ्याकडे असायचं. कोपरे असे दुमडायचे की वर्ष संपलं तरी कव्हर हलायचं नाही. ट्रक म्हणजे काय, एक मोठं पुस्तक. आईला व्हिडिओ कॉलवर रोल दाखवला तर ती म्हणाली, "सैन्यात भरती झालात की काय? हिकडं असली गाडी रस्त्यावर आणली तर पोलीस धरतील." मी म्हटलं, "इकडे हरणं सोडून कुणाला फरक पडत नाही."

व्हायनल गरम हवेने मऊ करायची हीट गन शेजाऱ्याने दिली. हे निवृत्त गृहस्थ एकटेच राहायचे आणि शरद ऋतू लागला की शिकारीला जायचे. रोलवरची नक्षी पाहून त्यांचे डोळे चमकले. "तुम्ही कशाची शिकार करता?" असं त्यांनी मोठ्या आदराने विचारलं. मी खालमानेने म्हटलं, "अजून ठरवलं नाही." दुसऱ्या दिवशी ते मूस नावाच्या थोराड हरणाच्या मांसाचे सॉसेज घेऊन हजर, नवशिक्या शिकाऱ्याला शुभेच्छा म्हणून. आम्ही अंडंही न खाणारे. पण इतक्या प्रेमाने आणलेलं परत कसं करायचं? ते पुडकं आमच्या फ्रीझरमध्ये कितीतरी महिने मटारांच्या शेजारी पडून होतं. फ्रीझर उघडला की आपलं कुणीतरी इथे आहे असं वाटायचं.

मी मागच्या फळीपासून सुरुवात केली. ट्रक साबणाने धुवायचा, मग औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या अल्कोहोलने पुसून काढायचा, मागचा कागद सोलत सोलत व्हायनल टेकवायचं आणि फेल्ट लावलेल्या पट्टीने मधून कडेला हवा सारत न्यायची. फळी बरी झाली. मग ड्रायव्हरशेजारचं दार. तेही बरं झालं, फक्त संपल्यावर चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर दारावरची झाडं उलटी होती. मुळं वर, पानं खाली. दाढीवाला म्हणाला होताच चुका लपतात म्हणून. तेव्हा मी ती तशीच लपू दिली.

राहिलं बॉनेट. ते मोठं आणि मानाचं, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या सोमवारी खंडेनवमी आली आणि मंगळवारी दसरा. आता इचलकरंजीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात यंत्रमाग होते आणि खंडेनवमीला ते धुऊनपुसून बंद असत. लहानपणी तेवढा एकच दिवस आमच्या घरात एकमेकांचं बोलणं ओरडल्याशिवाय ऐकू यायचं. प्रत्येक मागाला, अगदी पान्याला आणि तेलाच्या बुधलीलाही हळदीकुंकू लागायचं. आणि ते कोरडं नाही, तेलात कालवलेलं. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, पंख्याच्या वाऱ्याने उडून जातं. आई ते वाटीत कालवायची आणि मी बोटं ओढत फिरायची. घर सोडून कितीही लांब आले तरी, पूजा केल्याशिवाय यंत्राला हात लावायचा म्हटलं की माझा हात अडतो.

तर सोमवारी मी पट्टी, कटर आणि शेजाऱ्यांची हीट गन मांडून त्यांना कुंकू लावलं. शेजाऱ्यांना हे कधीच सांगितलं नाही. मंगळवारी ऑफिसातून सुट्टी घेतली. बाहेर बर्फ पडला होता. गॅरेजमध्ये विजेचा हीटर लावला, कारण गारठ्यात व्हायनल चिकटत नाही. बॉनेट अल्कोहोलने आरशासारखं लख्ख पुसलं. मग खोबरेल गोठून दगड झालेलं, ते गरम केलं, वाटीत हळद वेगळी, कुंकू वेगळं कालवलं आणि बॉनेटवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगली ठसठशीत बोटं ओढली. उदबत्ती ओवाळली. नारळ बाहेर ड्राइव्हवेवर फोडला. ट्रकला म्हटलं, "बाबा, तू आमच्या घरात आलास तो काही मुहूर्त बघून आला नाहीस. पण आलास तर आता त्या माणसाला घराबाहेर काढ."

मग ती बोटं पुसायची वेळ आली. अल्कोहोलची बाटली हातात घेतली आणि माझा हात थांबला. आत्ताच पूजा केली आणि आता त्यावर दारू ओतायची? मनाला पटेना. मी एक स्वच्छ सुती पंचा घेतला आणि हळदीकुंकू मऊ हाताने, गोल गोल, सगळीकडून पुसून काढलं. डाग गेले. बॉनेट पहिल्यापेक्षाही जास्त चमकायला लागलं. ते का चमकतंय, हा प्रश्न मला पडला नाही.

व्हायनल लागलं सुद्धा झकास. एकटीने एवढा मोठा तुकडा ताणून धरला, कोपरे बॉनेटच्या आतल्या बाजूला दुमडले, अगदी पुस्तकाच्या कव्हरासारखे. कौतुकाने बघत बघत वर जाऊन पुऱ्या लाटल्या. तळून खाली येते तो बॉनेटच्या मध्यभागी पुरीसारखाच टम्म फुगवटा. दाबला तर तिकडे सरकला. पट्टीने रेटला तर शेजारी दुसरा. हीट गन लावली तर ती आणि हीटर एकदम चालल्यामुळे ब्रेकर पडला आणि खाली बेसमेंटमधला टीव्ही बंद झाला. नवऱ्याने ब्रेकर खालूनच पुन्हा चालू केला. मी पुन्हा गन लावली. पुन्हा ब्रेकर पडला. तेवढ्यात एक कोपरा आपणहून सुटला आणि अख्खी शीट केळीच्या सालीसारखी हातात आली.

मी ट्रकला लाथ मारली. व्हायनल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, दाढीवाल्याचा केला, तेल खरेदी न करणाऱ्या साऱ्या देशांचा केला आणि मग तिथेच टायरला टेकून रडले. व्हायनलसाठी कोण रडतं? मार्चपासूनचं सगळं तुंबलेलं होतं ते बाहेर आलं.

दार उघडलं. नवरा पायांत स्लिपर घालून उभा होता. मला वाटलं, ब्रेकरबद्दल बोलणार. तो सरळ बॉनेटकडे गेला. मोकळ्या पत्र्यावरून बोट फिरवलं. अंगठ्याने चोळून पाहिलं. मग बोट नाकाशी नेलं.

"सरफेस प्रेप कोणी केलं? पत्रा साफ कोणी केला?"

"मी. दुसरं कोण करणार?"

"शेवटचं काय लावलंस ह्याला?"

"कुंकू."

"कुंकवाला वास नसतो. हे खोबरेल आहे."

"मग? तेलातलंच असतं. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही. आमच्याकडे असंच लावतात."

"आणि तेलावर व्हायनल टिकत नाही. नंतर अल्कोहोलने पुसलं नाहीस?"

"पूजेनंतर? दारूनं?"

 मग त्याच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. कित्येक महिन्यांत न चाललेलं यंत्र आधी थोडं खरखरतं तसं झालं आणि मग तो हसायला लागला. पोट धरून, ट्रकला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दारूनं!" म्हणाला आणि पुन्हा हसला. मी टायरपाशी नाक पुसत बसले होते आणि मला कळत होतं की आत्ता इथे जे चाललंय त्यासाठी मी देवाला काहीही द्यायला तयार होते. देवाने माझ्याकडून फक्त एक बॉनेट खराब करून घेतलं.

मग तो वर जाऊन कामाचे कपडे घालून आला. ते कपडे मी घडी करून कपाटात अगदी मागे ठेवले होते, त्याला दिसू नयेत म्हणून. त्याने टॉर्च आणला, माझ्या हातातला पंचा काढून घेतला आणि "हा पुन्हा इकडे दिसता कामा नये" म्हणून बजावलं. आधी साबण, मग अल्कोहोल, मग पुन्हा अल्कोहोल. त्यानंतर मगातून बॉनेटवर पाणी ओतलं आणि मला वाकून बघायला लावलं. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, मध्येच फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. थेंब झाले. पुन्हा पुसलं. हे तो समजावून सांगत होता, पाइपांच्या गोष्टी सांगत होता, कुठल्या साइटवर कुणी कसा आळस केला आणि पुढे काय झालं ते सांगत होता. मार्चपासून आम्ही दोघं मिळून जेवढं बोललो नव्हतो तेवढं तो एका दुपारी बोलला. मध्ये मध्ये माझ्यावर डाफरलाही. एरवी मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी मला ते डाफरणं भजनासारखं गोड लागलं.

फक्त एका गोष्टीने आत कुठेतरी टोचलं. कडेला हळदीचा एक पिवळा डाग चिकटून राहिला होता, त्यावर तो अल्कोहोलचा बोळा घासायला लागला.

"सगळंच पुसणार?" मी विचारलं.

"सगळंच," तो म्हणाला.

देवाधर्मावर त्याचा विश्वास नाही हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. 

पहिली शीट तेलाने वाया गेली होती, म्हणून छपरासाठी ठेवलेला तुकडा बॉनेटला वापरला. छप्पर तसंच पांढरं राहिलं, ट्रकने टोपी घातल्यासारखं. आम्ही दोघांनी दोन टोकं धरली, तो म्हणेल तेव्हा मी टेकवलं, तो म्हणेल तेव्हा सोडलं. मग मी पुऱ्या गरम करायला वर गेले आणि कडा दुमडायचं काम त्याने एकट्याने केलं. संध्याकाळी त्याने माझ्या आधीच्या कामाची रीतसर तपासणी केली. मागची फळी पास. दारापाशी तो बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिला.

"झाडं उलटी आहेत."

"माहीत आहे."

"मी ह्याला हात लावणार नाही. राहू दे." आणि ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

जेवताना श्रीखंड-पुरीच्या ताटाशेजारी त्याने काहीतरी ठेवलं. व्हायनलच्या उरलेल्या कपट्यातून कटरने नीट कापून काढलेलं एक पान. "सोनं घे," म्हणाला. आपट्याचं नव्हतं, ओकचं होतं, तेही छापील. मी ते माझ्या ऑफिसच्या डब्यावर चिकटवलं.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं, असं म्हणणं खोटं ठरेल. नोकरी लगेच मिळाली नाही. बेसमेंटमधले दिवस अधूनमधून परत यायचे. पण आता हाक मारली की तो वर यायचा. शेजाऱ्यांनी बर्फावरच्या मासेमारीसाठी असलेली आपली घसरगाडी त्याच्याकडून व्हायनलमध्ये गुंडाळून घेतली आणि मासे न खाणाऱ्या ह्या माणसाला गोठलेल्या तळ्यावर बरोबर नेऊन दिवसभर बसवलं. त्यांच्या ओळखीने एका वर्कशॉपमध्ये कामं मिळाली. दुसऱ्या हिवाळ्यानंतर त्याच्या स्वतःच्या क्षेत्रातलं काम मिळालं, आधीपेक्षा लहान कंपनीत. पहिल्या दिवशी तो त्याच ट्रकमधून गेला, उलट्या झाडांचं दार माझ्याकडे करून. मी खिडकीत उभी राहून हात जोडले. कुणाला जोडले ते नेमकं सांगता येणार नाही. ट्रकला, शेजाऱ्यांना, खोबरेलाला, सगळ्यांनाच.

शेवटी ट्रक विकायचं ठरलं तेव्हा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते तीन हिवाळ्यांचं मीठ आणि उन्हाळ्यांची उन्हं खाऊन बॉनेटवरची पानं दुधाच्या चहासारखी फिकट झाली होती. घेणाऱ्याला ट्रक पांढराच हवा होता. एका कडक उन्हाच्या दुपारी आम्ही व्हायनल सोलायला घेतलं. ऊन असलं की ते लवकर सुटतं. तो मागच्या फळीवर लागला आणि मी बॉनेट घेतलं, माझं मानाचं.

सोलायला सुरुवात कडेपासून करायची, आणि कड आतल्या बाजूला दुमडलेली. म्हणून मी बॉनेट उघडलं. इतक्या वर्षांत मी ते कधी उघडलं नव्हतं. पाणी, ऑइल, बॅटरी, सगळं तोच बघायचा.

दुमडलेल्या कडेच्या शेजारी, आतल्या पत्र्यावर, कुंकवाची बोटं होती. एका ओळीत, एकाशेजारी एक. पहिलं सुकून तपकिरी पडलेलं, पुढचं त्याहून जरा लाल, शेवटचं अजून कुंकवासारखं दिसणारं. माझी बोटं बारीक आहेत. ही जाड होती.

मी हाक मारली नाही. पण सोलण्याचा आवाज येईना म्हणून तो पुढे आला आणि मी काय बघतेय ते बघून हातातल्या कटरशी खेळायला लागला.

"दर दसऱ्याला?" मी विचारलं.

"हं."

"पहिलं कधी लावलंस?"

"त्याच दिवशी. तू पुऱ्या गरम करायला गेलीस तेव्हा. तुझी वाटी तिथेच होती."

 मी बोटाने ते शेवटचं कुंकू हळूच घासून पाहिलं. ते बोटाला लागलं नाही. त्याने वाकून पाहिलं, इन्स्पेक्टर पाहतो तसं, आणि म्हणाला, "तेलातलं आहे. कोरडं टिकत नाही."